गुढीला लावलेली गळाची काठी

पाडव्याच्या सकाळी देवासच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या गुढ्या ताठ उभ्या होत्या. आमचीच तेवढी कमरेतून वाकून रस्त्याला मुजरा करत होती. समोरच्या शेजाऱ्यांनी स्कूटरला किक मारता मारता वर पाहिलं आणि ओरडले, "भिया, आपकी गुड़ी तो आते-जाते को नमस्ते कर री है!"

त्यात गुढीचा दोष नव्हता. आदल्या दिवशी बायकोने बांबू आणायला सांगितलं होतं. मी "आणतो" म्हटलं आणि संध्याकाळ माझ्या गळाच्या काठ्या पुसण्यात घालवली. सकाळी बाजारात बांबूच्या नावाने फक्त शिड्या उरल्या होत्या. मग मी घरातली सगळ्यात लांब, सगळ्यात देखणी काठी काढली. तिच्या शेंड्याला खण, कडुनिंब, गाठी आणि तांब्या बांधला, खालची मूठ गॅलरीच्या कठड्याला सुतळीने आवळली आणि बायकोला म्हटलं, "फायबरग्लास आहे. हिला काही होत नसतं."

झालंही नाही काही. नुसती वाकली.

खरी पंचाईत वेगळीच होती. काठी माझी नव्हती, सासऱ्यांची होती. आणि सासरे जेवायला धारहून बसने निघालेले होते.

या काठ्यांचं वेड मला कारखान्यात लागलं. एक परदेशी इंजिनियर मशीन बसवून परत जाताना आपली जुनी काठी इथेच टाकून गेला. शेंडा मोडलेला होता, पण बुचाची मूठ हातात घेतली आणि मी कामातून गेलो. गांडूळ लावून तासन्‌तास बसायची ही काठी नव्हे. पिसांची खोटी माशी दोरीच्या टोकाला बांधून ती पाण्यावर अलगद उतरवायची, त्यासाठी ही. हल्लीच्या काळ्या कार्बनच्या काठ्या हाताला हिसका देतात. जुनी फायबरग्लासची काठी घाई करत नाही. शेंड्यापासून झुकत झुकत मुठीपर्यंत येते आणि तितक्याच सावकाश सरळ होते. उजेडात धरली तर काकवीच्या रंगातून आतली बारीक वीण दिसते. दोन तुकड्यांचा जोड उपसला की बाटलीचं बूच निघाल्यासारखा 'टक्‌' आवाज येतो. तो आवाज नुसता ऐकण्यासाठी मी रविवारी काठ्या जोडत आणि सोडत बसे.

दुसरी मला बागली गावात सापडली. त्या काठीने एक बाई चिंचा पाडत होत्या. तिसरी पीपलरावांला एका घरावर टीव्हीचा अँटेना धरून उभी होती. तिघींचाही शेंडा गायब. त्यात आमच्या घरी मासे चालत नाहीत. शेजारी विचारायचे, "खाते नहीं, पकड़ते नहीं, तो भिया, डंडे काहे को पाल रखे हैं?" मी त्यांना उजेडात धरून वीण दाखवायचो. ते घड्याळ बघायचे.

अख्खी, शेंड्यासकट काठी मला माहीत असलेली एकच, सासऱ्यांची. त्यांचं घराणं धारच्या दरबारातलं. दरबार गेला, पण कपाटातली ती काठी, तिने पकडलेल्या हातभर माशांच्या गोष्टी आणि बोलण्यातला रुबाब राहिला. लग्नापासून माझा डोळा तिच्यावर होता. शेवटी गेल्या दिवाळीत त्यांनी ती दिली, पण अट घालून. "जावईबुवा, हिला नुसती काठी समजणाऱ्याच्या घरी ही राहणार नाही. पाडव्याला येतो. तेव्हा बघू, ठेवायची की न्यायची."

आणि पाडव्याला मी ती नुसती काठी म्हणूनच वापरली होती.

सासरे रिक्षातून उतरले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वर बघत राहिले. तेवढ्यात शेजारी कुठूनसा बांबू घेऊन धावत आले. मला हायसं वाटलं. मी सुतळी सोडायला हात घातला.

"थांबा," सासरे खालूनच म्हणाले. "उभी केलेली गुढी सूर्यास्ताआधी उतरवत नाहीत."

"पण आबासाहेब, उन्हात दिवसभर वाकून राहिली तर तशीच..."

"राहील. रीत तुमच्या-माझ्या काठीसाठी बदलायची नाही."

मग आम्ही जेवलो. म्हणजे ते जेवले. मी श्रीखंडात पुरी बुडवून गॅलरीकडे बघत होतो. ऊन चढलं तशी काठी आणखी एक वीत खाली आली. सासरे आरामखुर्ची मुद्दाम दारात ओढून बसले आणि तिच्याकडे बघत बघत झोपले. बायको मला हळूच म्हणाली, "आता बसा जप करत."

ऊन उतरलं. सूर्य मावळल्यावर बायकोने हळदकुंकू वाहिलं, सासऱ्यांनी अक्षता टाकल्या, मी गाठी सोडल्या. तांब्या सुटला तशी काठी हलली. झटक्यात नाही, तिच्या चालीने, अंगावरचं ओझं आठवत आठवत ती वर आली. सासऱ्यांनी ती हातात घेतली. एक डोळा मिटून मुठीपासून शेंड्यापर्यंत पाहिलं, दोरी ओवायच्या कड्यांवरून बोट फिरवलं, जोड उपसला. टक्‌.

"सरळ आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "एवढी वाकलेली मी ही कधी पाहिलीच नव्हती."

"म्हणजे तुमच्या माशांनी..."

"बोटाएवढे असायचे हो. तेही तुम्हाला म्हणून सांगतो." त्यांनी काठी पुन्हा जोडली, शेंड्याला लांब सुतळी बांधली, तिच्या टोकाला तांब्या अडकवला आणि तो माझ्या हातात दिला. "जरा खाली अंगणात जा. ओढा बघू."

मी अंगणातून ओढत होतो, सासरे गॅलरीतून खेळवत होते. "सोडा! आता ओढा! जावईबुवा, मासा असा सरळ येत नाही, पळा की!" मी तांब्या धरून तुळशीवृंदावनाभोवती पळालो. शेजाऱ्यांनी अख्खं घर फाटकाशी आणून उभं केलं.

दमून खुर्चीत टेकल्यावर सासरे म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच. माझ्या कपाटात नुसती उभी असते बिचारी."

मी काठीला नमस्कारच करणार होतो. तेवढ्यात बायकोने सुतळीचा तांब्या सोडवून घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आबा, तुमच्या आणि ह्यांच्या गळाला दोघांत मिळून एक मासा लागला, तोही माझ्या रुखवतातला तांब्या! पोचा पाडलात ना त्याला? आता चिंच देते. बसा दोघं घासत."