मी ‘फवारणी’ लिहिलं आणि माझा पाय सुजला

हे सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. खाली कमेंटमध्ये कुणी ‘बाहेरची बाधा’ वगैरे लिहू नये... डोकं फिरतं.

बाभुळगावात माझा दवाखाना होता. फवारणीचे दिवस. त्या दिवसांत दम लागलेला कुणीही आला की आम्ही ‘विषबाधा’ लिहून मोकळे! एका दुपारी तांड्यावरचा परसराम बायकोला, शेवंताला, घेऊन आला. तिला श्वास पुरत नव्हता.

“मी फवारत होतो जी, हे ड्रमात औषध कालवून राह्यली होती. पण साहेब, हिचा डावा पाय पाहा न. प्लास्टर काढलं तवापासून सुजला.”

“पायानं दम लागतो का रे? डॉक्टर तू का मी?” मी खेकसलो.

विषबाधेत होतात तशा तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या नव्हत्या. तोंडाला लाळ नव्हती. हे मला दिसत होतं! तरी चिठ्ठीवर ‘फवारणी’ लिहिलं आणि यवतमाळला पाठवलं. गाडी निघाली, आणि माझी डावी पोटरी तटतटून फुगली. पँट वर सरकेना.

“सर, पायाले का झालं?” कंपाउंडर घाबरला.

अर्ध्या तासानं सूज एकदम उतरली. शेवंता त्याच सुमारास वाटेत गेली, हे संध्याकाळी कळलं. योगायोग म्हणून मी सोडून दिलं.

पुढे परसराम शवविच्छेदनाचा इंग्रजी कागद घेऊन आला. “वाचून सांगा जी. माह्या औषधानंच गेली न थे?”

कागदावर स्वच्छ लिहिलं होतं — पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली. विष नाही.

मी म्हणालो, “हो. तेच लिहिलंय.”

हरामखोरपणा होता तो. दुसरा शब्द नाही.

तेवढ्यात पोटरी पुन्हा फुगली, त्याच्या डोळ्यांदेखत. तो खाली बसला, माझा पाय मांडीवर घेऊन चोळू लागला. “शेवंताचाबी असाच झालता जी... अस्साच.” तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

नंतर सगळ्या तपासण्या केल्या. शिरा स्वच्छ. कारण आजवर सापडलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

परसरामनं फवारणीचा पंप दगडानं ठेचला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अळीनं खाल्ली, पण पुन्हा औषध हातात धरलं नाही. गेल्या पोळ्याआधी तो वारला. त्याआधी तीनदा मी तांड्याच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. बोलायचं एवढंच होतं —

परसराम, औषध नव्हतं रे. तू नाही मारलं तिला. तू पाय दाखवत होतास, मी पाहिला नाही... आणि वर तुझ्याशी खोटं बोललो. मला माफ कर.