सगळ्या भांड्यांवर एकच नाव

आजही ती घटना आठवली, की आधी स्टीलचा एक पेला डोळ्यांसमोर येतो. छत्रपती संभाजीनगरजवळ, फुलंब्रीच्या बाजूला फौजदार म्हणून माझी नेमणूक होती. सकाळच्या हजेरीलाच खबर आली: एक बाई जमिनीसाठी आजारी दिराला दाराआड ठेवून कसल्या तरी गोळ्या चारते.

महिला शिपायाला घेऊन मी निघालो आणि तिथंच चुकलो. गणवेशात, जीपनं, थेट दारात. मिनिटभरात अंगण माणसांनी भरलं.

गोळ्यांची बाटली सापडली. तिच्यावरची चिठ्ठी नखानं खरवडलेली.

"कसलं औषध?"

"तापाचं," वहिनी म्हणाली.

"चिठ्ठी कुणी काढली?"

"मीच."

दीर खाटेवर उठून बसला. "साहेब, वहिनीला नेऊ नका. मला इचारा." तिनं त्याला नजरेनंच गप्प केलं. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. ही बाई एका शब्दापलीकडे जात नव्हती. तरीही मी तिला ठाण्यात चलायला सांगितलं.

तेवढ्यात सासूनं पाणी आणलं. पेल्यावरचं नाव वाचलं: दिराचं. शिपायाच्या पेल्यावरही तेच. फडताळातल्या ताट-वाट्यांवरही तेच.

"आजी, सगळ्या भांड्यांवर धाकट्याचंच नाव कसं?"

म्हातारीनं दार लोटलं. "भावकी इचारायची, आजाऱ्याचं ताट कंचं? म्हनून समद्यांवर घातलं. आता घ्या म्हनावं वळखून!"

वहिनीनं मग सरकारी दवाखान्याची फाइल पुढं केली. एड्स. गोळीची एकही वेळ चुकलेली नव्हती.

"गावात फुटलं तर आमच्या दारात कुनी उभं ऱ्हानार नाय. वहीत लिहू नका, साहेब."

"नाही लिहिणार."

दीर हसला. "पेला नुसताच धरलाय व्हय? प्या की. पान्यानं नाय होत."

मी शरमलो. एका दमात पेला रिकामा केला.

बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं, "गोळ्या डॉक्टरांच्या आहेत. खबर खोटी आहे. पुन्हा या दारात जमलात तर गाठ माझ्याशी." स्टेशन डायरीत एकच ओळ गेली: चौकशी केली, तथ्य नाही.

आजाऱ्याचं ताट वेगळं मांडणं हा मी गुन्हाच मानतो. कलम नसेल तर नसो. हे मला कायद्याच्या पुस्तकानं नाही, त्या दोन बायकांनी शिकवलं. त्यांचा मी ऋणी आहे.

माझ्या निवृत्तीनंतर तो दीर बाजारात भेटला. अंग भरलेलं, हातात नवी कोरी परात.

"नाव कुणाचं घालणार?" मी विचारलं.

"माझंच की! वहिनी दुसरं घालू देती व्हय?"