गळाच्या दोन दोऱ्या

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीतच शाळा सुटली. हे कुणी वाचणार नाही, तरी कागदाची माफी मागते.

आज पहाटे धरणाच्या पाण्यात मी वल्हं मारत होते. समोर बसून आमचे हे शेजारच्या सुमनला चालत्या होडीमागे लांब दोरीचे दोन गळ सोडायला शिकवत होते. तिचा नवरा आजारी आहे, तिला शिकणं भागच आहे. मला सगळं कळतं. तरी जीव जळतोच.

“अजून सोड. घाबरू नकोस,” हे म्हणाले.

“एवढी लांब, भाऊ?”

ती भाऊ म्हणते, तरी मला टोचलं. मला वल्हं दिलं तेव्हा हे नुसतं ‘धर’ म्हणाले होते.

मी होडी झटकन वळवली. दोन्ही दोऱ्या एकमेकींत गुंतल्या.

“वल्हं मारतेस की भोवरा फिरवतेस?” हे ओरडले.

वाटलं, आता शिकवणी संपेल. पण दोघं गुडघ्याला गुडघा लावून गाठी सोडवत बसली, वर हसायलाही लागली.

“वहिनी, दमलात का हो?” सुमननं विचारलं.

“नाही गं.”

पुन्हा सोडलेल्या दोऱ्या मी पाहत राहिले. इतक्या शेजारी, इतक्या लांब. पण होडी सरळ चालली की एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. माणसांचंही असंच असेल का? ठाऊक नाही.

परतताना हात भरून आले, पण मी होडी सुतासारखी सरळ आणली.