बॉनेटवरची पाच बोटं

दसऱ्याला गाडी धुवायचं काम आमच्याकडे आईचं. बाबांची स्कूटर मी धुतली तरी चालायचं, पण शेडखालच्या त्या पांढऱ्या, बिनटपाच्या, दोनच माणसांच्या विलायती गाडीला तिच्याशिवाय कोणी फडकं लावायचं नाही. गाडी आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. त्यांच्यामागे ती पनवेलला आमच्या दारात आली तेव्हा मामेमंडळींनी नाकं मुरडली होती, मुलीला कोणी मोटार देतं का म्हणून.

आजोबा दर दसऱ्याला तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं बॉनेटवर ओढत. ते गेल्यावर आई त्याच डागांवरून आपली बोटं ओढू लागली. धुताना दरवर्षी पाणी गुलाबी व्हायचं. डाग मात्र पुरता जायचा नाही आणि ती तो घालवायचीही नाही.

गाडी चालायची कमी, ढकलायलाच जास्त लागायची. पळस्पे फाट्यापर्यंत पोचली तरी आम्ही खूश. बाबा वैतागायचे. न्हावा-शेवाचं बंदर तेव्हा नवंच होतं आणि तिथल्या मालवाहतुकीच्या एका ऑफिसात ते नोकरीला होते. तिथेच त्यांना कळलं की ही गाडी बनवणारी परदेशातली कंपनी तेच जुनं मॉडेल पुन्हा जसंच्या तसं बनवणार आहे. जुनी ड्रॉइंगं हरवल्यामुळे मापं घ्यायला त्यांना अस्सल गाडी हवी होती. मापं घेतील, दुरुस्त करतील, परत पाठवतील, असं बाबांनी आईला समजावलं. ती बरेच दिवस नाहीच म्हणत होती. शेवटी बाबांच्या शब्दावर हो म्हणाली.

वर्षभराने परत आलेली गाडी किल्ली फिरवताच सुरू झाली. सीटवरची चीर तशीच, दाराचा पोचा तसाच, कुंकवाची बोटंही तशीच. बाबांनी आईला कर्नाळ्यापर्यंत फिरवून आणलं. आल्यावर ती गाडीकडे न बघता सरळ आत गेली. मला वाटलं, भरून आलं असेल.

मग दसरा आला. आईने बॉनेटवर पाणी ओतलं, फडकं फिरवलं. पाणी स्वच्छ. तिने पुन्हा घासलं, फडकं पिळून पाहिलं, मग नखाने खरवडलं. डाग जिथल्या तिथे आणि फडकं पांढरंच. ते कुंकू नव्हतं, रंग होता. वरून चकचकीत लेप दिलेला.

माझं डोकंच फिरलं. चोर आहेत, अस्सल ठेवून घेतली आणि नक्कल पाठवली, असा मी कंपनीचा उद्धार सुरू केला. आईने मला हातानेच थांबवलं. ती बाबांकडे बघत होती. झेंडूची माळ घेऊन ते पायरीवर उभे होते.

"परक्या माणसाला ही घाण वाटली असती," ती म्हणाली. "पुसून टाकली असती त्यांनी. ती ठेवा म्हणून त्यांना कोणी सांगितलं?"

बाबांनी नाही म्हटलं नाही. कंपनीला जुनी गाडी कायमची हवी होती आणि बदल्यात पहिली नवी द्यायला ती तयार होती. बाबांनी परस्पर हो म्हणून टाकलं होतं. गाडी रवाना होण्याआधी, आई देवळात गेलेली असताना एकेका डागाचे फोटो काढून त्यांनीच पाठवले होते. तिला कळणारच नाही, मग वाईट वाटायचा प्रश्न कुठे येतो, असा त्यांचा हिशेब. वर आम्हालाच विचारू लागले, "त्याच कंपनीने, त्याच मापाने बनवलीय. मग ही खोटी कशी?"

हा प्रश्न आठवला की आजही माझा तिळपापड होतो. उद्या हुबेहूब आईसारखी, कधीच न कुरकुरणारी बाई आणून उभी केलीत तर तिला मी आई म्हणू का, असं मी तोंडावर विचारलं. गाडी ही वस्तू असते, म्हणाले. असेल. पण आई वस्तू नव्हती आणि फसवलं होतं ते तिला.

आई भांडली नाही.

"माझ्या वडिलांची गाडी आज तिकडे बिनपूजेची उभी असेल," एवढंच म्हणाली आणि कुंकवाची वाटी घेऊन आत गेली. त्या वर्षी चाकाखाली लिंबू ठेवायचं राहिलं.

त्या गाडीत ती पुन्हा बसली नाही. बाबा मात्र दर रविवारी ती फिरवायचे. पाहुणे आले की त्यांना शेडखाली न्यायचे, बॉनेटवरच्या बोटांवर हात ठेवायचे आणि अभिमानाने सांगायचे की ही आमच्या सासऱ्यांच्या हातची आहेत. आई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी असायची.