कोठडीतला टॉवेल

आमच्या पोलीस ठाण्याच्या नागरिक समितीत मी आहे. कोठडीत कुणाला मारहाण होत नाही ना, हे आम्ही अधूनमधून जाऊन बघायचं. काल गेलो, तर कोठडीतल्या कॅमेऱ्यावर टॉवेल वाळत घातलेला. खाली एक माणूस सुजलेले तळवे लपवत बसला होता.

“साहेब, हा टॉवेल?” मी ठाणेदारांना विचारलं.

“ऊन तिथंच येतं ना!”

त्या खोलीला खिडकीच नव्हती. तरी आमचे अध्यक्ष हसले, आणि मीही. मग चहा झाला, शाल-श्रीफळ झालं, वहीत ‘सर्व ठीक’ लिहून आम्ही सह्या ठोकल्या.

लोकशाही मोडायला रणगाडे लागतात, असं मला उगाच वाटायचं. कॅमेऱ्याचा डोळा झाकायला जुना टॉवेल पुरला. आमचे झाकायला शाल लागली, एवढाच काय तो आमचा मान.