झिणझिण्यांचं पार्लर

रिसोडच्या पौर्णिमाचं पार्लर तिच्या घराच्याच ओसरीत. समोर बुद्धाची तसबीर, म्हणून चपला दाराबाहेर. कोणीही असो, आत यायचं ते अनवाणी. पौर्णिमाच्या हाताला गुण होताच, पण नाव झालं ते वाफेच्या मशीनमुळे. मशीनच्या पत्र्याला बोट लागलं की अंगातून झिणझिण्या निघत. बाया खूश. "करंट लागला का तेज येते," म्हणत पार रिठदहून जीपनं येत. पौर्णिमाला मनातून खटकायचं. पण चालता धंदा झिणझिणतो म्हणून कोणी बंद करतं का?

सासू लिलाबाई मात्र हसायची. "वाफेचे पैसे? माह्या चुलीपाशी बस, फुकट देतो."

तीच लिलाबाई नातीच्या लग्नाआधी गुपचूप खुर्चीत येऊन बसली. नुकतीच शेतातून आलेली, नेमानं पाय धुतलेले. ओले पाय तसेच फरशीवर. मशीन जवळ ओढायला हात लावला मात्र, "अवं माय!" झटक्यानं हात सुटला म्हणून बरं. खुर्ची आडवी, म्हातारी उभी. पौर्णिमानं धावत जाऊन आधी भिंतीवरचं बटन बंद केलं.

"हे तेज व्हय काय वं?" लिलाबाई हात चोळत म्हणाली. "म्या तं दिवाच झाली असती!"

प्लग काढून पाहिला, तर तीन पायांपैकी दोनच. तिसरा, जाड पाय पौर्णिमाच्या नवऱ्यानं, संघदीपनं, पक्कडीनं मोडलेला.

"बोर्डाले दोनच भोकं होते," तो म्हणाला. "माणूस दोन पायावर चालते, मशीन काहून नाही चालणार?"

चुकार करंट त्या जाड पायातून जमिनीत जायला हवा होता. पाय मोडला, म्हणून तो बायांच्या अंगातून जात होता. पौर्णिमानं पार्लर बंद ठेवलं. मिस्त्रीनं मशीनमधली जळकी वायर बदलली, नवा बोर्ड बसवला, मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा केला आणि तो रोज ओला ठेवायला सांगितलं. खुर्चीखाली रबरी चटई आली. आतल्यासाठी कोऱ्या रबरी चपलाही आल्या. पण तसबिरीसमोर चपला? पौर्णिमा घुटमळली.

"बुद्ध पाय नाही पाहत, मन पाह्यते," म्हणत लिलाबाईनंच त्या मांडल्या.

पार्लर उघडलं, तेव्हा नेहमी येणाऱ्या रेणूनं पत्र्याला बोट लावलं आणि तोंड पाडलं. "ताई, मजाच गेली. मशीन बिघडलं वाटते."

पौर्णिमानं दाराबाहेरच्या चपला मोजल्या. हिचं पाहून बाकीच्याही गेल्या तर?

दारातून लिलाबाई उठली. "तुले झिणझिण्याच पाह्यजे ना? ये इकडं. दोन चापटा देतो, तेजही येईन."

रेणू हसत सुटली, चपला घालून खुर्चीत बसली.

"पहिले हात पूस," लिलाबाईनं दटावलं आणि सदाफुलीला घालावं तसं तांब्याभर पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात घालायला मागं गेली.