खुशालराव नजर चुकवतो

दर्यापूरच्या बाजारात माझं, म्हणजे परवेजचं, चष्म्याचं दुकान आहे. त्यामुळे डोळ्यांतलं मला थोडंफार कळतं. माझा दोस्त खुशालराव याचे डोळे कशानं गेले हेही कळतं, आणि ते लिहून द्यायला कोणी तयार झालं नाही याचा राग अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. उतरूही नये.

खुशालरावची शेती कपाशीची आणि वेड आकाशाचं. आम्ही दोघांनी मिळून आठ इंची आरसा घासला. ड्रमवर काच ठेवून भोवती फिरत घासायचा असतो. लोक विचारायचे, कशाचा नवस बोललात? आरसा पत्र्याच्या नळीत बसवला आणि दुर्बीण त्याच्या गावातल्या अंगणात उभी केली. मला शनीची कडी दिसली की पोट भरायचं. तो म्हणायचा, "शनी काय, कोनीबी पायते." त्याला हवे असायचे तेजोमेघ आणि दीर्घिका, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या चिमटीएवढं धुपट. असली फिकट वस्तू सरळ पाहिली की गायब होते, कारण अंधारात डोळ्याचा मधला भाग निकामी आणि कडा तेज. म्हणून नवख्याला तो बजावायचा, "तिच्याकडं पाहू नको. बाजूच्या चांदनीकडं पाह्य, मंग दिसते."

त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली. किडीच्या विषारी औषधाचा फवारा वर मारायचा आणि तोच तोंडावर घ्यायचा. एका दुपारी खुशालराव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पडला. जीव वाचला, नजरेचा मधला भाग गेला. जिथं पाहील तिथंच काळा डाग. सुभद्रावहिनींकडे पाहिलं की नवऱ्याला बायकोचा कान दिसे, पदर दिसे, चेहरा नाही. मग तो वहिनींशी बोलताना अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहू लागला. तसं पाहिलं की त्या दिसत.

हिवाळ्यात एकदा दिवेलागणीनंतर मी दुर्बीण त्रिकोण तारकासमूहातल्या दीर्घिकेवर रोखली आणि त्याला बसवलं. मन रमावं, एवढाच हेतू. त्यानं डोळा लावला, नजर जरा बाजूला सरकवली. मग ओरडला, "सुभद्रे, दिसून राहिली वं!" वहिनी चुलीवरचं तसंच टाकून आल्या. त्याच्या डोळ्यांच्या कडा शाबूत होत्या, आणि दीर्घिकेला कडाच लागतात. तिघंही रडलो.

पुढे फवारणीच्या विषबाधेची चौकशी करायला सरकारी साहेब गावात आले. खुशालरावला भीक नको होती. डोळे फवारणीनं गेले एवढं सरकारी कागदावर हवं होतं, कारण जो तो म्हणत होता, दारू प्याला असेल. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न घालणारा माणूस!

"आता दिवसभर काय करता?" साहेबांनी विचारलं.

दुसरा कोणी असता तर रडगाणं गायला असता. हा पडला आकाशवेडा. छाती पुढे काढून म्हणाला, "परवा दीर्घिका पाह्यली साहेब. तिचा उजेड इथं याले लाखो वर्सं लागते."

साहेब हसले. "तेवढ्या लांबचं दिसतं, आणि समोर बसलेला मी दिसत नाही? माझ्याकडे बघून बोला. नजर का चुकवता?"

"तुमी दिसले पाह्यजे म्हनून, साहेब."

मी मधे पडून डोळ्यांच्या कडांचं सगळं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी चिडून म्हणालो, "संध्याकाळी या अन् सोताच पाहा!"

आणि आले की. दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "काहीच नाही."

"तिच्याकडं पाहू नका साहेब. बाजूले पाहा," खुशालराव म्हणाला.

थोडा वेळ गेला. "अरे! आहे की! वा!" साहेबांनी ड्रायव्हरलाही बोलावून दाखवलं.

माझ्यानं राहवलं नाही. "आता तुमीबी नजर चुकवली ना, साहेब?"

ते ओशाळले. निदान मला तसं वाटलं. खुशालरावच्या पाठीवर थाप मारून "पटलं हं मला तुमचं" म्हणाले, वहिनींच्या हातचा चहा प्याले आणि गेले. त्या रात्री आम्ही मूर्खासारखे खूश होतो.

महिन्याभरानं कागद आला. वहिनींनी मला वाचायला बोलावलं. 'चौकशीवेळी नजर चुकवून बोलत होता. दुर्बिणीतून तारे पाहतो. फवारणीमुळे दृष्टी गेल्याचे आढळत नाही.' मी साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कागद फाडणार होतो, वहिनींनी हातातून ओढून घेतला.

खुशालराव कडुनिंबाकडे पाहत होता, म्हणजे माझ्याकडे पाहत होता.

"परवेज, त्या साहेबाले दिसली होती ना रे?"

"दिसली होती. वा म्हने ना तो."

"मंग दिसूनबी नाही लिहिलं त्यानं." तो उठला आणि चाचपत जाऊन दुर्बिणीच्या तोंडावर पोतं बांधू लागला. "मले वाटे, एकदा दिसलं का मानूस मानते."